वाट पाहण्याचे प्रशिक्षण

‘मॅडम, मी सोलापूरच्या पूर्व भागातली. पुण्यात बीएएसएलपी या वाचा-श्रवण उपचारांच्या पदवीच्या चौथ्या वर्षाची इंटर्नशिप करते आहे, ती तीन महिन्यांत संपेल. घरी आम्ही तेलुगू बोलतो. वडील ३० वर्षे यंत्रमागावर आहेत. पुढे एम.एस्सी. करायची माझी फार इच्छा होती, पण गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली. चार वर्षांच्या, अजून दोन-चारच शब्द बोलणाऱ्या एका मुलाचे सेशन मी घेतले. ते संपल्यावर त्याच्या आईसमोरच सुपरवायझर म्हणाल्या, “तू त्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस.” तेव्हापासून थेरपीच्या खोलीत जाताना पोटात गोळा येतो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, मला छान जमते, तिथे उत्तर आकड्यात मिळते. म्हणून ऑडिओलॉजीच (श्रवणशास्त्रच) घ्यावी असे वाटते. माझ्या मराठीला तेलुगू हेल आहे, त्यावरून वर्गात थट्टा होते. मग मी दुसऱ्यांचे उच्चार काय सुधारणार? सोलापुरातल्या एका श्रवणयंत्र केंद्रातून नोकरीचा निरोप आला आहे. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, इकडेच ये. वडिलांना पाच-पाच वेळा समजावले तरी ते नुसते “काय?” विचारतात; त्यांना यात रस नाही असेच दिसते. मी काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

पत्रात तू बरेच काही विचारले आहेस, पण सारे त्या एका वाक्यापाशी येऊन अडले आहे: ‘तू त्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस.’ म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आईसमोर ते बोलायला नको होते, हे आधी स्पष्टपणे सांगते. शिकणाऱ्याची चूक पालकांसमोर काढली की पालकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि त्याचा तोटा शेवटी मुलालाच सोसावा लागतो. परंतु जे सांगितले गेले ते खरे असण्याची शक्यता दाट आहे, आणि ते तुझ्या लक्षात यावे यासाठीच तर इंटर्नशिपचे हे वर्ष असते. मी शिकत होते तेव्हा आमच्या थेरपीच्या खोलीला एका बाजूनेच आरपार दिसणारी काच होती. काचेमागे बसलेल्या बाईंनी माझे ४० मिनिटांचे एक सेशन टेप केले, कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि एवढेच सांगितले की दोघांचे बोलणे दोन रकान्यांत उतरवून आण. वसतिगृहाच्या गच्चीवर बसून मी ते काम केले. माझ्या रकान्याने वहीची अकरा पाने भरली. मुलाच्या रकान्यात नऊ शब्द होते आणि त्यांतले आठ माझेच, त्याने मागून म्हटलेले. ‘हे काय? गाडी. म्हण गाडी. कोणती गाडी? लाल गाडी. म्हण लाल.’ पानोपानी हेच. नववा शब्द त्याचा स्वतःचा होता. मध्येच खिडकीकडे बघून तो ‘काऊ’ म्हणाला होता, आणि मी त्यावर म्हटले होते, ‘हो का, आता गाडी बघ बरं.’ हे लिहिताना मला रडू आले, कारण आपण ज्यासाठी तिथे बसलो होतो ते घडले होते आणि ते आपणच मोडून टाकले होते.

शिकणारी थेरपिस्ट इतकी का बोलते याचा मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. आई खोलीच्या कोपऱ्यात बसलेली असते, तिने एसटीच्या दोन-दोन गाड्या बदलून मुलाला आणलेले असते, लॉगबुकात तो तास लिहायचा असतो. अशा वेळी खोलीत शांतता पसरली की आपण काही करत नाही आहोत, त्या माउलीचा वेळ फुकट घालवत आहोत, असे वाटू लागते आणि आपण ती शांतता शब्दांनी भरून काढतो. परंतु ज्या मुलाला भाषा जड जाते त्याला ऐकलेले समजून घ्यायला, मनात शब्द शोधायला आणि तोंडाची हालचाल जुळवायला तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याचा शब्द ओठांवर येईपर्यंत आपला पुढचा प्रश्न गेलेला असतो. शिवाय ‘हे काय?’ हा प्रश्न परीक्षेतला आहे. उत्तर विचारणाऱ्याला माहीत आहे हे मुलालाही कळते, आणि ज्यातून काही मिळायचे नाही असे उत्तर देण्याची त्याला गरज वाटत नाही.

पुढच्या सेशनला एवढे करून बघ. त्याच्या आवडीची वस्तू एका पारदर्शक बरणीत घाल, झाकण घट्ट लाव, बरणी त्याच्या हातात दे आणि मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोज. तीनपर्यंत तो बरणी हलवेल, पाचाला झाकणाशी झटेल, सातच्या सुमारास मान वर करून तुझ्याकडे बघेल. हे बघणेच तुला टिपायचे आहे. त्यानंतर बरणी तुझ्या मांडीकडे सरकते, ओठ मिटतात, कधी नुसता ‘अं’ एवढाच आवाज येतो. त्या ‘अं’ला तू ‘उघड’ हा शब्द दे, बरणी उघड, आतला एकच तुकडा हातावर ठेव, झाकण परत लाव आणि पुन्हा थांब. सगळ्याच मुलांना दहा पुरत नाहीत. काहींना वीस लागतात. हे पुस्तकात दोन ओळींत लिहिलेले असते, परंतु ती दहा सेकंदे प्रत्यक्ष सोसायला शिकणे हे माझ्या मते आपल्या व्यवसायातले सर्वांत अवघड प्रशिक्षण आहे आणि तुझे ते आत्ताच सुरू झाले आहे. पोटात येणारा गोळा त्याचाच भाग आहे. त्या दिवसापूर्वी तुला खोलीत भीती वाटत नव्हती, कारण मूल काय करते आहे हे तू पाहत नव्हतीस. आता पाहू लागली आहेस.

म्हणून माझे मत असे की केवळ या भीतीपोटी ऑडिओलॉजीकडे वळू नकोस. ऑडिओलॉजी हा विषय थोर आहे आणि सोलापुरासारख्या गावाला चांगल्या ऑडिओलॉजिस्टची फार गरज आहे. परंतु तिथे उत्तर आकड्यात मिळते हा तुझा समज अर्धाच खरा आहे. बेराचा, म्हणजे आवाजाला मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर मिळणाऱ्या प्रतिसादाच्या तपासणीचा, आलेख सपाट आला, दहा महिन्यांच्या बाळाला ऐकू येत नाही हे कळले, इथपर्यंत यंत्र सोबत करते. त्यापुढे तो आलेख हातात घेऊन त्या आई-वडिलांसमोर बसायचे असते, आणि ‘टाळी वाजवली की बघतो हो तो’ असे ते म्हणतात तेव्हा त्यांचा आधार न काढता त्यांना सत्य सांगायचे असते. आजोबांच्या कानात बसवलेले मशीन पंधरा दिवसांत कपाटात का गेले, हे ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या आलेखात, दिसत नाही. त्यांच्याशेजारी बसून, घरात कोण किती बोलते हे विचारून ते काढावे लागते. तिथेही वाट पाहणे चुकत नाही. तुला कानाचेच आकर्षण असेल, श्रवणयंत्र एखाद्याच्या कानाला नेमके जुळवण्यात आनंद वाटत असेल, तर खुशाल तो विषय घे आणि मी मनापासून आशीर्वाद देईन. परंतु तुझ्या पत्रात ऑडिओमेट्रीबद्दल एक वाक्य आहे आणि न बोलणाऱ्या त्या एका मुलाबद्दल चार. तुझे मन कुठे आहे हे मला त्यातून दिसते.

आता तेलुगूचे. तुझ्या वर्गातल्या मुलींना हे ठाऊक नाही की ज्यावरून त्या हसतात ते सोलापुरात या व्यवसायाचे मोठे भांडवल आहे. मला ते ठेच लागल्यावर कळले. मी इथे काम सुरू केले त्या वर्षी साडेतीन वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी माझ्याकडे घेऊन आली. बालवाडीच्या बाईंनी सांगितले होते की हा काहीच बोलत नाही. मी चित्रे दाखवली, खेळणी मांडली, सूचना दिल्या, सारे मराठीत. मुलगा हूं की चूं करेना. भाषाविकासात विलंब असल्याचे मी फायलीवर लिहिले आणि ती आजींना द्यायला बाहेर आले, तर तो बाकावर बसलेल्या आजीचा पदर ओढत म्हणत होता, ‘अव्वा, इंटिकि पोदाम.’ मला तेलुगू येत नव्हते. शेजारच्या बाईंनी अर्थ सांगितला, ‘आजी, घरी जाऊ या.’ पुढचे तुला माझ्यापेक्षा चांगले समजेल. ‘इंटिकि’मध्ये घराला विभक्तीचा प्रत्यय जोडलेला आहे, ‘पोदाम’मध्ये ‘आपण मिळून जाऊ या’ हे सारे एका क्रियापदात सामावले आहे, आणि हाक, हेतू, क्रम सारे जागच्या जागी आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाने याहून अधिक काय बोलायचे? उणीव माझ्या तपासणीत होती. ती ओळ मी आजींसमोर खोडली आणि त्यांची क्षमा मागितली. परंतु त्या दिवशी तो आणखी पाच मिनिटे गप्प राहिला असता तर तो शेरा त्याच्यासोबत शाळेत गेला असता, ही रुखरुख अजून जात नाही.

आपल्या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच गल्लीत नांदतात. अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे मूल ‘भाकरी’ला ‘बाकरी’ म्हणते, कारण कन्नडच्या रोजच्या बोलण्यात ‘ख’, ‘भ’ यांसारखी महाप्राण व्यंजने फारशी उरलेली नाहीत. दखनी बोलणारे मूल ‘शाळा’ची ‘शाला’ करते. हा भाषाभाषांतला फरक आहे आणि त्यावर थेरपी करणे म्हणजे निरोग्याला औषध पाजणे आहे. तेच मूल पाच वर्षांचे होऊनही ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल तर मात्र थांबून बघायला हवे, कारण ‘क’ त्याच्या घरच्या भाषेतही आहे. त्यातही तेलुगू घरात ‘ताता’ म्हणजे आजोबा, हे ज्या थेरपिस्टला माहीत असेल तीच आधी विचारेल की बाळा, तू हाक कुणाला मारतो आहेस. फरक कोणता आणि दोष कोणता हे ओळखणे म्हणजे आपल्या निदानाचा निम्मा गाभा, आणि तुला ते कळावे म्हणून देवाने तुला त्या घरात जन्माला घातले आहे असे मी म्हणेन.

आणखी एक काम तुझ्यासारखीच करू शकेल. घरात तेलुगू बोलणे बंद करा, एकच भाषा बोला, मग मूल बोलेल, असा सल्ला पालकांना आजही सर्रास दिला जातो, तोही शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून. दोन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. उलट आईला जी भाषा नीट येत नाही त्या भाषेत तिला मुलाशी बोलायला लावले की तिचे बोलणेच आटते. अंगाई जाते, रागावणे जाते, गोष्ट जाते, आणि आधीच कमी ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या त्या मुलाच्या वाट्याला चार मोडकी वाक्ये येतात. अशा आईला तिच्याच भाषेत ‘तू तुझ्या भाषेतच बोल’ असे सांगणारी थेरपिस्ट सोलापुरात किती जणी आहेत, तू स्वतःच मोजून बघ. हेल असलेल्या माणसाने उच्चारांचे काम करावे का, हा तुझा प्रश्न उरतो. त्यावर एवढेच सांगते की तोतरेपणावरच्या उपचारांची घडी विसाव्या शतकात ज्यांनी बसवली त्या चार्ल्स व्हॅन रायपर आणि वेंडेल जॉन्सन या दोघांनाही आयुष्यभर स्वतः अडखळत बोलण्याचा अनुभव होता.

आता एम.एस्सी.चा प्रश्न. बीएएसएलपी आणि इंटर्नशिप पूर्ण झाली की भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत तुझे नाव लागेल आणि कान आणि वाचा ही दोन्ही कामे तुला करता येतील. इंटर्नशिप संपताच पहिल्यांदा ती नोंदणी कर, कारण १९९२ च्या कायद्यानुसार तिच्याशिवाय काम करणे हा गुन्हा आहे आणि नोकरी देणारा घाई करतो म्हणून ती मागे ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. मग दोन वर्षे आणखी कशाला, असे घरचे विचारतील. त्याचे उत्तर असे की पदवीच्या काळात तू मुख्यतः लहान मुले, बोबडे बोलणारी, उशिरा बोलणारी, कमी ऐकणारी, पाहिली असशील. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेला माणूस, मेंदूला मार लागल्यावर बोलणे विस्कटलेला तरुण, टाळू दुभंगलेले आणि शस्त्रक्रियेनंतरही नाकातून बोलणारे मूल, आवाज बसलेली शिक्षिका, आणि गिळता न येणारे रुग्ण, यांच्यावर तू एकटीने निर्णय घेण्याइतके काम केलेले नसते. गिळण्याचा विचार तर फार गांभीर्याने करायला हवा. माव्याने तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण आपल्या भागात कमी नाहीत. जिभेचा भाग काढल्यावर घास कसा घ्यायचा, पाणी पातळ द्यायचे की दाट करून, मान कुठे झुकवायची, हे सांगणारे माणूस लागते. काही रुग्णांत अन्न-पाणी श्वासनलिकेत उतरते आणि साधा ठसकाही लागत नाही. ते बाहेरून दिसत नाही, ते एक्स-रेच्या चलत्‌चित्रात किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून पाहायला शिकावे लागते, आणि तिथे अंदाजाने चालणाऱ्याच्या हातून माणूस जाऊ शकतो.

अर्धांगवायूच्या रुग्णांतही आपल्या गावाची भाषा आडवी येते. चार भाषांत व्यापार केलेल्या माणसाच्या चारही भाषा एकसारख्या जात नाहीत आणि एकसारख्या परतही येत नाहीत; कुणाला लहानपणची भाषा आधी सापडते, कुणाला रोज दुकानात बोललेली. तपासणी एकाच भाषेत केली तर त्याच्यात किती शिल्लक आहे हे कळतच नाही. एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय शोधायला तुला दूर जावे लागणार नाही, एवढे यावरून लक्षात ठेव.

कुठे शिकावे याविषयी माझे मत ठाम आहे. नावापेक्षा तिथले क्लिनिक बघ. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था ही या विषयातली देशातली जुनी आणि मोठी संस्था आहे. ती देशपातळीवर प्रवेशपरीक्षा घेते, आणि तिथे कन्नड, तेलुगू, तमिळ, मलयाळम, हिंदी अशा अनेक भाषांचे रुग्ण येत असल्याने तुझ्यासारखीला तिथे घरच्यासारखे वाटेल. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि नायर रुग्णालयातला विभाग आहे. पुण्यात भारती विद्यापीठ आहे. कुठे वाचा-भाषा आणि श्रवण यांच्या पदव्युत्तर पदव्या वेगळ्या आहेत, कुठे दोन्हींची एकत्र आहे. अर्ज भरताना ते नीट वाच. परंतु अर्जाआधी शक्य तिथे एक दिवस जाऊन ओपीडीच्या बाहेर बस. सकाळच्या तीन तासांत किती रुग्ण आले, त्यांत मुले किती आणि मोठी माणसे किती हे पाहा. विभाग रुग्णालयात आहे की नुसत्या महाविद्यालयाच्या इमारतीत, म्हणजे विद्यार्थ्यांना वॉर्डात आणि अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत जायला मिळते का, हे विचार. आणि दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला चहाला बोलावून एवढे विचार की गेल्या आठवड्यात तुझे पूर्ण सेशन कुणी बसून पाहिले का. तिने उत्तर द्यायला वेळ घेतला तर ती संस्था सोड. लॉगबुकावर आठवड्याच्या शेवटी एकदम सह्या मिळणाऱ्या ठिकाणी तासांची बेरीज होते, शिक्षण होत नाही. आणि तुला आज सर्वांत जास्त गरज आहे ती कुणीतरी काचेमागे बसून तुला पाहण्याची.

सरकारी संस्थेत जागा मिळाली तर दुसरा विचार न करता जा. तिथे फी आवाक्यात असते आणि काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. खासगी ठिकाणी केवळ पदवीसाठी मोठे कर्ज काढून जाऊ नकोस. ३० वर्षे मागावर उभे राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर ते कर्ज बसेल, आणि सोलापुरात सेशनच्या फीमधून ते फेडताना तू सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत मुलांमागून मुले घेत राहशील आणि मग थांबायला तुला कधीच सवड होणार नाही.

मामेभावाचा प्रस्ताव वाईट नाही, पण त्याला खर्चाचा आणि काळाचा हिशेब विचार. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीच्या जोडीला ४०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते, त्यांतले २५ निरीक्षणाचे; त्यानंतर राष्ट्रीय परीक्षा, पूर्णवेळ काम केले तर ३६ आठवड्यांची देखरेखीखालची फेलोशिप, आणि ज्या राज्यात काम करायचे तिथला परवाना. हे सारे इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांसोबत. पुढे कधी जावेसे वाटले तर इथली एम.एस्सी. आणि चार वर्षांचे काम घेऊन जा. आत्ता, स्वतःवरचा विश्वास डळमळलेला असताना, परक्या भाषेत थेरपी शिकायला जाऊ नकोस.

श्रवणयंत्र केंद्राची नोकरी या वर्षी जागा मिळाली नाही तर जरूर घे, मात्र दोन गोष्टी आधी बोलून घे. तुझा पगार विकलेल्या यंत्रांच्या संख्येवर ठरणार असेल तर नाही म्हण. ज्याला मशीनची गरज नाही त्याला ‘गरज नाही’ असे सांगण्याचा हक्क तुझ्याकडे राहिला पाहिजे. दुसरे म्हणजे आठवड्यातून दोन दुपारी मोकळ्या माग. सरकारी योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे यंत्र) झालेली मुले आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीसाठी त्यांच्यातल्या अनेकांना पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात. काहींचे आई-वडील थकून त्या थांबवतात, आणि मग लाखोंचे यंत्र डोक्यावर असूनही मूल मुकेच राहते. त्या दोन दुपारी अशा मुलांना दे आणि एखाद्या अनुभवी व्यक्तीला सेशन बघायला बोलाव. मला बोलावलेस तरी मी येईन.

उरलेल्या तीन महिन्यांत त्या सुपरवायझरांकडे परत जा. आईसमोर बोललेले लागले हेही सांग, हात जोडून पण स्पष्टपणे. आणि लगेच विचार की याच मुलाचे पुढचे सेशन तुम्ही पूर्ण वेळ बसून बघाल का. सेशनचे ध्वनिमुद्रण आईच्या परवानगीने फोनवर कर आणि रात्री दोन रकाने मांड. पहिल्या खेपेला तुला वाईट वाटेल. चौथ्या-पाचव्या खेपेपर्यंत तुझा रकाना आखूड होऊ लागला तर मला कळव; मुलाचा रकाना लगेच वाढला नाही तरी घाबरू नकोस, त्याला तुझ्या शांततेवर विश्वास बसायला थोडे दिवस लागतील. त्याचे कान तपासलेले आहेत ना, हे मात्र फाईल उघडून स्वतः बघ. ‘हाक मारली की येतो’ एवढ्यावर कुणी थांबले नसेल अशी आशा आहे.

आणि शेवटी तुझे वडील. त्यांना रस नाही असा निष्कर्ष तू काढलास, पण तुझ्याच पत्रात दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत: ३० वर्षे यंत्रमाग, आणि पाच-पाच वेळा ‘काय?’ मागांच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि त्या काळात कानाला संरक्षण देण्याचा विचारही कुणी केलेला नसतो. अशा आवाजाने आधी वरच्या पट्टीतले ऐकणे जाते. माणसाला कुणीतरी बोलते आहे हे कळते, पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ गळून पडतात आणि वाक्य चाळणीतून आल्यासारखे येते; बायका-मुलांचे बारीक आवाज तर अधिकच. असा माणूस कधी ‘काय?’ विचारतो आणि कधी विचारण्याची लाज वाटून नुसती मान हलवतो.

तू पुढच्या वेळी सोलापूरला येशील तेव्हा त्यांना रजा घ्यायला लाव. आदल्या दिवशी संध्याकाळपासून ते मागाजवळ गेले नसतील अशा बेताने सकाळी त्यांना ऑडिओमेट्रीच्या खोलीत बसव. ते काम तुला छान जमते असे तूच लिहिले आहेस. २५० हर्ट्‌झपासून वर जाताना ४००० पाशी रेघ खड्ड्यात उतरते का, आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते का, ते पाहा. मग त्यांच्यासमोर, तोंडावर उजेड पडेल अशी बस, टीव्ही आणि पंखा बंद कर, आणि एम.एस्सी. म्हणजे काय ते तेलुगूत सावकाश सांग. सांगून झाल्यावर थांब, आणि ते काय म्हणतात ते मला लिही.